गॅस संपत नसतो: एसी-फ्रिजचा मेकॅनिक घडतो कसा

मार्च उजाडला की घराघरांतून एकच वाक्य ऐकू येतं, "एसी थंड करत नाहीये, गॅस संपला असेल." मेकॅनिक येतो, बाहेरच्या युनिटला नळी लावतो, पाच मिनिटं फुसफुस आवाज होतो, पैसे घेतो आणि जातो. दोन महिने एसी छान चालतो आणि मग पुन्हा तेच. घरातल्यांची खात्री पटते की स्कूटरला पेट्रोल लागतं तसा एसीला दरवर्षी गॅस लागतो.

लागत नाही. एसीतला गॅस जळत नाही आणि झिजत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. आईबाबांच्या लग्नातला जुना फ्रिज आठवून बघा. वीस-वीस वर्षं चाललेल्या त्या फ्रिजमध्ये कोणी कधी गॅस भरला होता का? गॅस कमी झाला याचा अर्थ एकच, तो कुठून तरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी ओतत बसणं.

मी आयटीआयमध्ये याच ट्रेडला शिकवतो. नवी बॅच आली की पहिल्या तासाला फळ्यावर हेच लिहितो: गॅस संपत नसतो. मुलं वहीत उतरवून घेतात. पण ते हातात उतरायला दोन वर्षं लागतात. त्या दोन वर्षांत नेमकं काय शिकायचं असतं, ते कुठे शिकता येतं आणि त्यातलं काय चुकलं की तुमच्या घरचा एसी दर उन्हाळ्यात रुसतो, हे इथे सांगतो. ज्यांच्या घरी दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरी फक्त एसी आहे त्यांच्यासाठीही.

माठ, कुकर आणि एसी

आधी यंत्र समजून घेऊ. माठातलं पाणी गार का होतं? माठाला पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता सोबत नेतं. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. एसी आणि फ्रिज याच एका गोष्टीवर चालतात.

दुसरी गोष्ट कुकरची. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. दाब वाढला की उकळण्याचं तापमान वाढतं आणि दाब कमी केला की तेही खाली येतं. पाण्याऐवजी असा पदार्थ घ्या जो मुळातच फार थंडीत उकळतो. सध्याच्या बहुतेक नव्या एसींमध्ये आर-३२ नावाचा गॅस असतो. उघड्या हवेत तो उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो. खोलीतल्या युनिटच्या नळ्यांमध्ये त्याचा दाब असा ठेवतात की तो पाच ते दहा अंशांना उकळावा. त्या नळ्यांवरून पंखा खोलीची हवा फिरवतो. नळीतल्या द्रवाची वाफ होते आणि ती होताना खोलीची उष्णता उचलते. मग कंप्रेसर ही वाफ दाबतो. दाबलेली वाफ इतकी तापते की बाहेर चाळीस अंशांचं ऊन असलं तरी तिच्यापेक्षा बाहेरची हवाच गार ठरते. म्हणून ती बाहेरच्या युनिटमध्ये आपली उष्णता टाकून पुन्हा द्रव होते. तो द्रव केसासारख्या बारीक नळीतून, म्हणजे कॅपिलरीतून, किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जातो, त्याचा दाब एकदम उतरतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

म्हणजे एसी थंडी 'तयार' करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, हमालासारखा. म्हणूनच एक युनिट वीज खाऊन तो तीन-साडेतीन युनिटांइतकी उष्णता हलवू शकतो.

'दीड टनाचा एसी' यातला टनही वजनाचा नाही. पूर्वी थंडावा बर्फाने मोजायचे. अमेरिकेतला टन ९०७ किलोचा असतो. तेवढा बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो तितकी हलवण्याची ताकद म्हणजे एक टन, आजच्या मापात साडेतीन किलोवॅट. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात आणि निम्मी मुलं "एसीचं वजन" असं उत्तर देऊन येतात.

पहिलं वर्ष हाताचं

आयटीआयमधला हा ट्रेड दोन वर्षांचा आहे. पूर्वी त्याचं नाव 'मेकॅनिक रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग' होतं, आता 'टेक्निशियन' झालंय. मुलं मात्र अजूनही 'एमआरएसी' किंवा नुसतं 'आरएसी' म्हणतात. प्रवेश दहावीनंतर, गुणांनुसार, राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन फेऱ्यांमधून होतो. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत आणि खासगी वेगळ्या. हा ट्रेड सगळीकडे नसतो, त्यामुळे पसंतीक्रम भरताना तो आपल्या जवळच्या संस्थेत आहे का ते आधी बघून घ्या. वर्षाला साधारण १२०० तास शिकवणी असते, त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे. हा आकडा पालकांनी लक्षात ठेवावा, कारण याच ८४० तासांत मूल घडतं किंवा राहून जातं.

पहिल्या वर्षी मुलं कंटाळतात. एसी शिकायला आलो आणि हे काय, कानस घासायला लावतायत, वायरचे जोड मारायला लावतायत! मग येते तांब्याची नळी. फ्लेअर म्हणजे काय ते जरा जवळून दाखवतो, कारण घरच्या एसीतली बरीचशी गळती याच ठिकाणी असते.

आतलं आणि बाहेरचं युनिट तांब्याच्या दोन नळ्यांनी जोडलेलं असतं. नळीचं टोक तुतारीच्या तोंडासारखं फुलवतात, त्यावर पितळी नट बसतो आणि तो आवळला की जोड होतो. मध्ये वॉशर नाही, रबर नाही, धातूवर धातू. नळी कटरने कापताना घाई केली तर टोक चेपतं. कापल्यावर आतल्या बाजूला धारदार कड राहते, ती रीमरने काढावी लागते. ती काढताना नळीचं तोंड खाली धरायचं, म्हणजे तांब्याचा चुरा बाहेर पडेल. तोंड वर धरलं तर तोच चुरा पुढे कॅपिलरीत जाऊन बसतो. मग नट नळीत सरकवायचा आणि मगच टोक फुलवायचं. दर बॅचमध्ये, अगदी दर बॅचमध्ये, अर्धी मुलं आधी सुंदर फ्लेअर करतात आणि मग हातात उरलेल्या नटाकडे बघत बसतात. तो फ्लेअर कापून टाकावा लागतो. मी ओरडत नाही. ज्याने एकदा स्वतःचा चांगला फ्लेअर कापला तो पुन्हा नट विसरत नाही.

झालेला फ्लेअर उजेडात फिरवून बघायचा. कड सगळीकडे सारखी हवी, चीर नको, ओरखडा नको. त्यावर तेलाचा एक थेंब, आधी हाताने नट बसवायचा आणि मग टॉर्क पान्याने ठरलेल्या जोराने आवळायचा. "जितका घट्ट तितका चांगला" या समजुतीने या धंद्यात सर्वांत जास्त नुकसान केलंय. जास्त आवळलं की फुलवलेलं तोंड पातळ होतं, महिन्या-दोन महिन्यांनी कंपनांनी चिरतं आणि ग्राहक म्हणतो, गॅस संपला.

ब्रेझिंगचंही तसंच. तांब्याच्या दोन नळ्या तापवून मधल्या फटीत रॉड वितळवतात. बाहेरून जोड चकचकीत दिसतो. पण तापवताना नळीच्या आत हवा असेल तर आतून तांब्यावर काळी खपली धरते. ती पुढे सुटते आणि तेलाबरोबर वाहत जाऊन बारीक नळी बुजवते. म्हणून ब्रेझिंग चालू असताना नळीतून नायट्रोजनचा मंद झोत सोडायचा असतो. बाजारात फार थोडे लोक हे करतात. सिलिंडर जड असतो, जिना चढवावा लागतो. आम्ही मुलांना दोन जोड करायला लावतो, एक नायट्रोजन सोडून आणि एक न सोडता, मग दोन्ही उभे चिरून शेजारी ठेवतो. एक आतून नव्या भांड्यासारखा, दुसरा चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखा. त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

व्हॅक्यूम, म्हणजे थांबण्याचं कौशल्य

एक जुनी गोष्ट सांगतो. मी अप्रेंटिस होतो तेव्हा एका दवाखान्यात एसी बसवायला गेलो होतो. संध्याकाळ झाली होती, अजून दोन कामं बाकी होती. माझ्यासोबतचे सीनियर म्हणाले, "व्हॅक्यूम राहू दे, गॅसनेच हवा मारून टाकू." म्हणजे थोडा गॅस सोडून नळीतली हवा हुसकून लावायची. मीच व्हॉल्व्ह फिरवला. एसी सुरू झाला, गार हवा आली, डॉक्टरांनी चहा पाजला. पावसाळा संपायच्या आत कंप्रेसर जळला. आम्ही तो उतरवून तेल बाहेर काढलं तेव्हा ते काळं पडलं होतं आणि त्याला असा उग्र, आंबूस वास होता की डोळ्यांत पाणी आलं. तो वास मला अजून आठवतो.

झालं काय होतं? हवेबरोबर नळीत ओल राहिली. आताच्या एसींमधलं तेल ओल पटकन शोषतं. ओल, तेल आणि उष्णता एकत्र आली की आम्ल तयार होतं आणि ते मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन खातं.

ही ओल काढायचा मार्ग म्हणजे व्हॅक्यूम पंप. पुन्हा कुकरचा नियम, पण उलटा. दाब इतका उतरवायचा की नळीतलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होईल आणि पंप ती ओढून घेईल. मोजमाप मायक्रॉनमध्ये, म्हणजे दाबाच्या अगदी बारीक मापात, होतं आणि ५०० मायक्रॉनच्या खाली उतरणं हा मान्य निकष आहे. मॅनिफोल्डवरच्या, म्हणजे दाब बघायला नळीला जोडतात त्या गेजच्या, साध्या काट्याला हा फरक दिसतच नाही, त्यासाठी वेगळा मायक्रॉन गेज लागतो. पंप बंद करून व्हॉल्व्ह मिटायचा आणि दहा-पंधरा मिनिटं बघत बसायचं. आकडा थोडा चढून थांबला तर आत ओल शिल्लक आहे, पंप पुन्हा लावा. चढतच राहिला तर गळती आहे, शोधा. जागेवर टिकला तरच गॅस सोडा.

या पंधरा मिनिटांत मेकॅनिक काहीच करत नसल्यासारखा दिसतो. मागे घरमालक उभे असतात, "अहो, झालं की नाही? पंप नुसता घरघरतोय." तेव्हा शांतपणे "अजून थोडा वेळ लागेल, काका" म्हणता येणं हा प्रशिक्षणाचा भाग आहे. आणि काकांनी तो वेळ देणं, हे त्यांच्याच एसीच्या आयुष्याचं आहे.

दुसरं वर्ष डोक्याचं

दुसऱ्या वर्षी मुलं स्प्लिट, इन्व्हर्टर, गाडीचा एसी, कोल्ड स्टोरेज, मोठे सेंट्रल प्लांट याकडे वळतात. इथे खरी कसोटी निदानाची असते. 'थंड होत नाही' ही तक्रार 'पोटात दुखतंय' यासारखी आहे, कारणं पन्नास असू शकतात. फिल्टर धुळीने भरलाय, बाहेरच्या युनिटसमोर कोणी जुनं कपाट उभं केलंय, कपॅसिटर कमजोर झालाय, पंख्याची मोटर हळू फिरतेय, सेन्सर चुकीचं तापमान सांगतोय, व्होल्टेज पडलंय. गॅसची पाळी यांच्यानंतर येते.

म्हणून आम्ही क्रम घोटवून घेतो. आधी डोळे आणि कान. मग आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक, तो साधारण आठ ते बारा अंश असावा. मग क्लॅम्प मीटरने करंट. हे सगळं झाल्यावर, गरज असेल तरच, गेज. कारण गेज लावताना-काढताना दर वेळी थोडा गॅस जातोच.

काटा नुसता बघूनही चालत नाही. आर-२२ या जुन्या गॅसवर हात बसलेल्या मंडळींना सक्शनला, म्हणजे कंप्रेसरकडे परतणाऱ्या नळीत, ६०-७० पौंड दाब दिसायची सवय. तेच डोळे आर-३२ च्या एसीवर १३० पौंड बघतात आणि "गॅस जास्त झालाय" म्हणून चांगला भरलेला गॅस सोडून देतात. इन्व्हर्टरमध्ये तर कंप्रेसरचा वेग सतत बदलतो आणि त्यासोबत दाबही. अशा यंत्रात गॅस वजनकाट्यावरच भरायचा. बाहेरच्या युनिटच्या पाटीवर ग्रॅममध्ये आकडा छापलेला असतो. लांब नळीसाठी दर मीटरमागे किती वाढवायचा, ते कंपनीच्या पुस्तिकेत मिळतं.

सुपरहीट हा शब्द ऐकून मुलं घाबरतात, पण गोष्ट सोपी आहे. समजा दाबावरून कळलं की गॅस आत ७ अंशांना उकळतोय. कंप्रेसरकडे परतणाऱ्या नळीवर थर्मामीटर लावला तर १४ अंश. फरक ७ अंशांचा, तेच सुपरहीट. म्हणजे सगळा द्रव उकळून संपला आणि वाफ वर थोडी तापली. फरक शून्याजवळ आला तर द्रवच कंप्रेसरकडे चाललाय, आणि द्रव दाबला जात नाही. त्यात कंप्रेसरच्या आतले भाग तुटतात. फरक खूप वाढला तर आत पुरेसा द्रव पोचत नाही, गॅस कमी आहे किंवा वाट बुजलीय.

मग या दोनांतलं कोणतं? मोठ्या प्लांटला दोन्ही बाजूंनी गेज लागतात, त्यामुळे बाहेर गॅस पुरता द्रव होऊन साचतोय का ते मोजून उत्तर मिळतं. घरच्या स्प्लिटला बहुधा एकच सर्व्हिस पोर्ट असतो. तिथे आतला सगळा गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून त्याचं वजन करा. वजन पाटीवरच्या आकड्याइतकं भरलं तर गॅस पुरेसा होता आणि दोष बुजलेल्या वाटेचा आहे. कमी भरलं तर गळती शोधायला लागा. हे ज्याला उमगलं तो उगाच गॅस विकत नाही.

जाता जाता एक गैरसमज. आतल्या युनिटवर किंवा नळीवर बर्फ जमला की काही घरांत लोक खूश होतात, "बघा कसा गार करतोय!" ते आजाराचं लक्षण आहे. गॅस कमी झाला की दाब पडतो, दाब पडला की गॅस शून्याच्या खाली उकळतो आणि हवेतली ओल नळीवर गोठते. हवा अडली, फिल्टर तुंबला, तरीही हेच होतं.

जीवावरचं

हा धंदा उंचीचा आहे, विजेचा आहे आणि दाबाचाही. सहाव्या मजल्याच्या छज्ज्यावर सेफ्टी बेल्ट न लावता आउटडोअर उचलणारी पोरं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. इन्व्हर्टरचा प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही मिनिटं जीवघेणं व्होल्टेज शिल्लक असतं, मीटरने शून्य बघितल्याशिवाय हात घालायचा नाही.

आणि हे ज्या कोणाच्या नजरेला पडेल त्याने दुसऱ्या दहा जणांना सांगावं: गळती तपासायला ऑक्सिजन कधीही वापरू नका. ब्रेझिंगचा ऑक्सिजन सिलिंडर हाताशी असतो, नायट्रोजन आणायचा कंटाळा येतो. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कंप्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो, ठिणगीचीही गरज नसते. प्रेशर टेस्ट फक्त कोरड्या नायट्रोजनने करायची आणि तीही रेग्युलेटर लावून.

गॅसही बदललेत. आर-२२ पेटत नव्हता. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. भारतातल्या काही एसींमध्ये आर-२९० असतो, म्हणजे शुद्ध प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ. आताच्या कित्येक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. त्यासाठी बनवलेल्या यंत्रात, ठरलेल्या कमी वजनात हे गॅस सुरक्षित असतात. पण जुन्या आर-२२ च्या एसीत स्वस्त म्हणून असा गॅस भरणं म्हणजे घरात दिवाळीचं दुकान मांडणं. तसाच, आत असा गॅस असताना नळीवर ब्रेझिंगची पेटती टॉर्च धरणंही.

गॅस हवेत सोडला तर

हे बदल का झाले, ते मेकॅनिकला माहीत हवं. जुन्या आर-१२ सारख्या गॅसांनी ओझोनचा थर पातळ होत होता, म्हणून १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. एसीतला आर-२२ ओझोनला त्याहून कमी घातक, पण घातकच. भारतात नव्या यंत्रांच्या उत्पादनात असे गॅस वापरणं २०२४ अखेर बंद झालं. त्यानंतरच्या पिढीतला आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवतो. तापवण्याची ही ताकद कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत मोजतात: आर-४१०ए सुमारे २०८८ पट, आर-२२ सुमारे १८१० पट, आर-३२ सुमारे ६७५ पट आणि आर-२९० जेमतेम तीन. हे तापवणं कमी करायला २०१६ मध्ये माँट्रियल करारात किगाली दुरुस्ती झाली आणि भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. आपल्यासाठी वापर गोठवण्याचं वर्ष २०२८ आहे, प्रत्यक्ष कपात २०३२ पासून आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के.

मुलांना मी हे वेगळ्या हिशोबाने सांगतो. एक किलो आर-२२ हवेत सोडणं म्हणजे साधारण पावणेआठशे लिटर पेट्रोल जाळणं. जुना एसी काढताना व्हॉल्व्ह उघडून "जाऊ दे हवेत" म्हणण्याची ही किंमत. गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायला रिकव्हरी मशीन लागतं आणि ते चालवणं हा अभ्यासक्रमाचा भाग आहे. अमेरिकेत पर्यावरण खात्याची ६०८ कलमाखालची परीक्षा पास झाल्याशिवाय अशा यंत्रांतला गॅस हाताळता येत नाही. आपल्याकडे घरोघरी जाणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकवर अशी सक्ती नाही. माझ्या मते ती यायला हवी, पण आधी हाती काम असलेल्यांना परवडेल असं प्रशिक्षण देऊन.

त्या दिशेने काही झालंय. २०१९ च्या 'इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन'मध्ये एक लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं उद्दिष्ट होतं. कौशल्य विकास योजनेत आधीपासून काम येणाऱ्यांसाठी 'पूर्वज्ञानाची मान्यता' हा मार्ग आहे: थोड्या दिवसांची उजळणी, परीक्षा आणि प्रमाणपत्र. पंधरा वर्षं उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या माणसासाठी तो फार मोलाचा आहे. पण कोऱ्या पाटीच्या मुलाला "एक महिन्यात एसी मेकॅनिक बना" असं सांगून फी घेणं मला मान्य नाही. महिन्याभरात भाग ओळखता येतात, निदान येत नाही.

नुसता घरचा एसी नव्हे

पालक विचारतात, पावसाळ्यात पोरगं काय करणार? रास्त प्रश्न आहे. घरच्या एसीचं काम मार्च ते जून अंगावर कोसळतं आणि पाऊस पडला की ओसरतं. पण थंडावा बारमाही लागणाऱ्या जागा महाराष्ट्रात भरपूर आहेत.

नाशिकची द्राक्षं बघा. तोडणीनंतर घडात उन्हाची उष्णता साठलेली असते, ती काही तासांत प्रीकूलिंगमध्ये उतरवतात. मग माल शून्य अंशाच्या आसपास साठवून रेफर, म्हणजे आतून थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमधून न्हावा-शेव्याला जातो. इथे नुसती थंडी पुरत नाही, ओलावा नव्वद टक्क्यांच्या वर टिकवावा लागतो. हवा गार करणाऱ्या नळ्यांची कॉइल गरजेपेक्षा थंड ठेवली तर ती हवेतली ओल ओढून घेते, देठ वाळून तपकिरी होतात आणि चांगला माल भावात मार खातो. शेतकऱ्याचं वर्षभराचं कष्टाचं पीक त्या रात्री प्लांट ऑपरेटरच्या हातात असतं. सांगली-कोल्हापूरकडच्या दूध संकलन केंद्रांवर बल्क कूलर असतात, धारोष्ण दूध चार अंशांवर आणायचं. बंदरांवरचे बर्फ कारखाने आणि बरीचशी मोठी शीतगृहं अमोनियावर चालतात. तिथली विद्या वेगळीच: अमोनिया तांब्याला खातो, म्हणून सगळी पाइपलाइन पोलादी, आणि गळतीला नाक हाच पहिला डिटेक्टर.

लशींचं काम मला सर्वांत जबाबदारीचं वाटतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फ्रिजमध्ये लस दोन ते आठ अंशांतच राहायला हवी. तापली तर बिघडते हे सगळ्यांना कळतं. पण हिपॅटायटिस बी किंवा डीपीटीसारखी लस गोठली तरीही निकामी होते, आणि बाटलीकडे बघून ते ओळखता येत नाही. या शीतसाखळीच्या तंत्रज्ञांना शिकवणारं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यात आहे. थर्मोस्टॅट नीट लावणारा माणूस डॉक्टरइतकाच त्या बाळाच्या उपयोगी पडतो, असं मी वर्गात सांगतो, आणि ते सांगताना वर्ग शांत होतो.

आयटीआयनंतर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली एखाद्या कंपनीत वर्षभर विद्यावेतनावर शिकता येतं. ते चुकवू नका, चिलर आणि मोठे प्लांट तिथेच हाताला लागतात. पुढे शिकायचं असेल तर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. आणि मुलींनी यावं. फ्लेअर, मायक्रॉन, निदान, यातलं काहीही दंडाच्या जोरावर चालत नाही. जड आउटडोअर उचलायला मुलांनाही दोघे लागतात. माझ्या वर्गातल्या मोजक्या मुलींचे ब्रेझिंगचे जोड मी नमुना म्हणून कपाटात ठेवलेत.

संस्थांचं दुखणंही सांगायला हवं. कित्येक ठिकाणी मुलं अजून जुन्या विंडो एसीवर शिकतात आणि बाहेर पडल्यावर पहिलाच इन्व्हर्टर बघून गोंधळतात. गॅस महाग, नायट्रोजन महाग, तांबं तर सोन्याच्या वाटेवर. म्हणून प्रात्यक्षिक एक करतो आणि उरलेले एकोणीस बघतात. बघून हा धंदा येत नाही.

त्यामुळे मुलाला कुठे घालायचं असा प्रश्न पडला तर माहितीपत्रक वाचण्याआधी वर्कशॉपमध्ये एक चक्कर मारा. नायट्रोजनचा सिलिंडर रेग्युलेटरसकट उभा आहे का, रिकव्हरी मशीन खोक्यातून बाहेर निघालंय का, मायक्रॉन गेज कपाटात आहे की टेबलावर, ते बघा. मग कोपऱ्यातली भंगाराची पेटी उघडायला सांगा. कापून टाकलेले वाकडे-तिकडे फ्लेअर, उभे चिरलेले काळे जोड आणि तांब्याचे वीतभर तुकडे यांनी ती काठोकाठ भरलेली असेल, तर फॉर्म तिथेच भरा.